सदुसष्ट मिलिमीटर

जहाजातून उतरलं तेव्हा त्याच्या अंगावर मीठ होतं
आणि छपराच्या खाचेत, कुणीतरी म्हणालं, अजून बर्फ.
बर्फ नव्हता. पांढरा रंग होता, पोपडे सुटलेला.
पण इन्सेनच्या कारखान्यात आठवडाभर
आम्ही त्याला बर्फच म्हणत राहिलो.

होक्काइदोचं इंजिन.
तिकडे समुद्राखालच्या बोगद्यातून वेगवान गाडी आली,
रात्रगाडी बंद झाली,
आणि याला पोटापुरतंही काम उरलं नाही.
मोडीत निघायचं ते आमच्याकडे निघालं.

पहिलं काम चाकांचं.
त्यांचा रूळ आमच्यापेक्षा सदुसष्ट मिलिमीटर रुंद.
आडवी धरली तर माझी चार बोटं.
ऊ न्यो टुनची तीनच भरतात,
चौथं त्यानं एका कपलिंगला देऊन टाकलंय.
आम्ही आस उपसले, चाकं दाबून आत सरकवली.
नव्या सुनेला सांगतात ना सगळे,
जरा आवरून बस, बाई,
तसं.

मग केबिन पुसताना, चालकाच्या खुर्चीखाली,
पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ.
मेहुणीची खिन थिंझार जपानी शिकत होती,
तिकडच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायच्या नोकरीसाठी.
तिला बोलावलं. ती गुडघ्यांवर बसली,
टॉर्च दातात धरला, बराच वेळ ओठ हलवले.
"उणे एकवीस. हीटर बंद. ओनोदेरा."
बस, एवढंच?
"एवढंच. तारीख आहे, पण ती पुसलीय."

उन्हाळ्यात एक पाहुणा साहेब आला, तक्ते घेऊन.
डिझेलचे दिवस भरले, म्हणाला.
जर्मनीत हायड्रोजनवर डबे धावून बघितले,
चीननं तारा ओढल्या, भारतानं ओढल्या,
अमेरिकेत मात्र अजून चार-चार इंजिनं जुंपून
दोन-दोन मैलांची मालगाडी नेतात,
कारण तिथे तारेपेक्षा अंतर मोठं.
"आणि आमचं काय?" ऊ न्यो टुननं विचारलं.
साहेबानं तक्ता उलटला. मागची बाजू कोरी होती.
तेवढ्यात वीज गेली.
आमच्याकडे तार आहे, साहेब,
शेडच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत,
तिच्यावर आम्ही डांगऱ्या वाळत घालतो.

त्या रात्री मी हीटर उघडला.
कुणी सांगितलं नव्हतं. कामाच्या वहीत नोंदही नाही.
एक वायर कुरतडलेली, एक रिले चिकटलेला,
पंख्यात कसलीशी सुकी पानं,
आमच्या इथल्या कुठल्याच झाडाची नाहीत.
पानं मी खिशात ठेवली. का ते विचारू नका.

एप्रिलमध्ये पहिली फेरी निघाली.
जे तिकडे पंच्याण्णवनं पळायचं
ते आमच्या रुळांवर पंचवीसनं निघालं,
प्रत्येक सांध्यावर कुल्ले उचलत,
खिडकीबाहेर म्हशी आमच्या पुढे जात.
बाहेर एक्केचाळीस डिग्री.
आणि बागोच्या अलीकडे
हीटर आपोआप सुरू झाला.

चालक को पाय सो मला शिव्या देतो आहे,
शर्ट काढतो आहे, बटणं बडवतो आहे,
आणि मी, काय सांगू, त्या जाळीपुढे हात धरून उभा,
तळवे भाजेपर्यंत.

खिन थिंझार आता साप्पोरोजवळ असते.
लिहिते की एकशे चार नंबरच्या खोलीतले आजोबा
रोज पहाटे गाडीची वेळ विचारतात,
पण ते पोस्टात होते.
ओनोदेरा नावाचा कुणी नाही.
पाय फार गार पडतात, मोजे पाठव.

मोजे पाठवले.
चिठ्ठीत लिहिलं: रेल्वेतला कुणी भेटलाच,
कुठल्याही नावाचा,
तर त्याला म्हणावं,
हीटर चालतो.